शाईतील देवलोक : रोकोको रेखाटनांतील पुराणकथा

देवादिकांची चित्रे म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे प्रथम रंग येतात. पिवळा पीतांबर, निळे मेघ, सोन्याचा मुकुट. आज ज्या चित्रांचा परिचय आपण करून घेणार आहोत, त्यांत यांपैकी काहीच नाही. वहीच्या पानाएवढा एक कागद, त्यावर तपकिरी शाईने ओढलेल्या चपळ रेषा आणि त्याच शाईत पाणी घालून फिरविलेला कुंचल्याचा एखाददुसरा हात, एवढीच त्यांची सामग्री. तरीही त्या कागदावर सूर्यदेवाचा रथ चाललेला दिसतो, ढगांवर देवता रेललेल्या दिसतात, आणि सर्वांत नवल म्हणजे तेथे ऊन पडलेले दिसते. ही चित्रे अठराव्या शतकातील युरोपची, रोकोको या नावाने ओळखल्या जाणाऱ्या शैलीची आहेत.

त्यांच्यासंबंधी दोन प्रश्न सहज मनात येतात. ज्या ग्रीक आणि रोमन देवांची देवळे बंद पडून हजारावर वर्षे लोटली होती, ज्यांना नवस बोलणारा एकही माणूस उरला नव्हता, त्यांची चित्रे ख्रिस्ती चित्रकारांनी शेकड्यांनी का काढावीत? आणि नुसत्या तपकिरी शाईतून ऊन निर्माण होते तरी कसे? पहिला प्रश्न श्रद्धेचा आणि दुसरा कारागिरीचा वाटतो. आमच्या मते या दोहोंची उत्तरे एकमेकांत गुंतलेली आहेत. ती कशी, हे पाहण्यासाठी आपण मुख्यतः एकाच चित्रकाराची संगत धरू. तो म्हणजे व्हेनिसचा जोव्हान्नी बात्तिस्ता तिएपोलो.

प्रथम काळाची थोडी ओळख करून घेऊ. फ्रान्सचा बलाढ्य राजा चौदावा लुई १७१५ मध्ये वारला. त्याच्या दरबाराचा दरारा संपला आणि सरदार मंडळी व्हर्सायच्या राजवाड्यातून पॅरिसमधील आपापल्या घरांत अधिक रमू लागली. दालने लहान झाली, तशी सजावटही नाजूक झाली. भव्य खांब आणि सरळ रेषा जाऊन वेलबुट्टी, वळसे आणि शिंपल्यांचे आकार आले. बागांतील कृत्रिम गुहांना दगड-शिंपल्यांची जी नक्षी करीत, तिला फ्रेंचमध्ये 'रोकाय' म्हणत. त्यावरूनच पुढील पिढीने थट्टेने 'रोकोको' हा शब्द घडविला. ही शैली पॅरिसमध्ये उगवली, पण तिचा सर्वांत मोठा छतचित्रकार इटलीने दिला.

तिएपोलोचा जन्म १६९६ चा. वडील व्यापारी होते. मूल वर्षाचे असतानाच ते वारले. त्या काळी व्हेनिसचे गणराज्य उतरणीला लागले होते. पूर्वेचा व्यापार हातचा गेला होता, आरमाराचा धाक उरला नव्हता. मात्र उत्सव, संगीत, नाटके आणि चित्रे यांना तेथे अजून बहर होता. अशा गावात ग्रेगोरिओ लाझ्झारीनी या चित्रकाराच्या हाताखाली तिएपोलो शिकला. पुढे मिलान, जर्मनीतील व्युर्त्सबुर्ख आणि अखेर माद्रिद अशा ठिकठिकाणच्या प्रासादांची छते त्याने रंगविली. तेथेच १७७० मध्ये त्याचे देहावसान झाले. ओल्या गिलाव्यावर रंग देऊन भित्तिचित्र काढण्यात त्याचा हात धरणारा त्याच्या काळात कोणी नव्हता. या अजस्र कामांच्या आगेमागे त्याने कागदावर जी असंख्य रेखाटने केली, तीच आपला आजचा विषय आहेत.

आता या चित्रांतील कथांकडे वळू. त्यांचा सर्वांत मोठा झरा म्हणजे रोमन कवी ऑव्हिड याचे 'मेटामॉर्फोसिस', म्हणजे 'रूपांतरे', हे काव्य. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या आरंभी रचलेले, पंधरा खंडांचे आणि अडीचशेच्या आसपास कथांचे हे काव्य युरोपातील चित्रकारांना आपल्याकडील भागवत-पुराणांसारखेच हाताशी असे. कोणती देवता कशी ओळखावी, याचेही कोश होते. चेझारे रिपा याचा 'इकोनोलोगिया' हा असा ग्रंथ १५९३ मध्ये प्रसिद्ध झाला आणि पुढे दोनशे वर्षे चित्रशाळांतून वापरात राहिला. पंख असलेला, हाती कोयता घेतलेला म्हातारा दिसला की तो काळपुरुष, घागरीतून पाणी ओतणारा दाढीवाला पुरुष दिसला की ती नदीची देवता, असे हे संकेत प्रेक्षकांना तोंडपाठ असत.

या कथांपैकी एक आपण जरा तपशिलाने पाहू. फाएथॉन हा सूर्याचा पुत्र. आपण खरोखर सूर्यपुत्र आहोत याची खूण म्हणून तो पित्याजवळ एक दिवस रथ हाकण्याचा हट्ट धरतो. आपल्या सूर्याच्या रथाला सात घोडे आणि अरुण सारथी. तिकडच्या सूर्याला चार घोडे आणि तो स्वतःच सारथी. वचनात अडकलेला पिता मुलाच्या हाती लगाम देतो. घोडे उधळतात, रथ मार्ग सोडतो, पृथ्वी होरपळू लागते. शेवटी ज्यूपिटर वज्र टाकून मुलाला पाडतो आणि तो एरिडॅनस नदीत कोसळतो. एरिडॅनस म्हणजे उत्तर इटलीतील पो नदी, असे पूर्वापार मानले जाते. म्हणजे मिलान आणि व्हेनिसच्या लोकांना ही गोष्ट आपल्याच मुलुखात घडल्यासारखी वाटत असणार.

हीच कथा दोनशे वर्षे आधी, १५३३ च्या सुमारास, मायकेलअँजेलोने काळ्या खडूने कागदावर काढली होती. त्याने क्षण निवडला तो कोसळण्याचा. वर गरुडावर बसलेला ज्यूपिटर, मध्ये उलटेपालटे होऊन पडणारे घोडे आणि फाएथॉन, खाली विलाप करणाऱ्या बहिणी. प्रत्येक शरीर दगडातून कोरल्यासारखे घट्ट आहे. खडू घासून घासून स्नायूंना गोलाई आणली आहे. पाहणाऱ्याला त्या शरीरांचे वजन जाणवते. त्या पतनात पापाचा आणि शिक्षेचा भाव आहे.

तिएपोलोने १७३० ते १७३१ च्या सुमारास मिलानच्या आर्किंतो प्रासादाच्या छतावर फाएथॉन रंगविला तेव्हा क्षण निवडला तो मागणीचा. मुलगा विनवीत आहे, देव प्रभेत उभा आहे, रथ तयार होतो आहे. काही बिघडलेले नाही. सगळे अधांतरी आहे. पुढे काय होणार हे प्रेक्षकाला ठाऊक आहे, चित्राला जणू अजून ठाऊक नाही. मायकेलअँजेलोचे देव जड आहेत, तिएपोलोचे हलके आहेत. हे हलकेपण कागदावर कसे साधते, ते आता पाहू.

शाईपासून सुरुवात करू. या रेखाटनांची शाई दोन प्रकारची असे. एक मायफळ आणि हिराकस यांची. ती लिहिताना काळसर असते, पण काळाने तपकिरी होते आणि दाट लागली असेल तेथे कागदालाही खाते. दुसरी 'बिस्टर' नावाची, धुराड्यात साचलेली लाकडाची काजळी पाण्यात उतरवून केलेली. आपल्या पोथ्यांची शाईही काजळाचीच, पण ती दिव्याच्या काजळाची, म्हणून काळीभोर राहते. लाकडाच्या काजळीतील डांबरी अंश पाण्यात उतरून सोनेरी तपकिरी रंग येतो. या चित्रांना पुष्कळदा सरसकट 'सेपिया' म्हणतात, ते मात्र बरोबर नाही. माकुळ या समुद्री जीवाच्या शाईपासून केलेला सेपिया त्या शतकाच्या अगदी अखेरीस सर्रास वापरात आला.

लेखणी पक्ष्याच्या पिसाची. बोरूची रेघ बहुतांशी एकसारखी उमटते. पिसाचे टोक मात्र दाबले की फाकते आणि सैल सोडले की केसासारखी रेघ देते. म्हणून एकाच फटकाऱ्यात रेषा जाड-बारीक होत धावते. बहुधा प्रथम काळ्या खडूने अंदाजाच्या पुसट रेघा, मग लेखणी, आणि शेवटी पाण्याने पातळ केलेल्या शाईचा कुंचल्याने दिलेला हात, असा क्रम असे. या शेवटच्या हाताला चित्रकार 'वॉश' म्हणतात. वॉश एकदा कागदात मुरला की मागे घेता येत नाही. रबराने पुसणे नाही, वर पांढरा रंग चढवून झाकणे नाही. जे चुकले ते चुकले.

आता या पद्धतीतील मर्म पाहा. तिएपोलो वॉश बहुधा दोन तीव्रतांचा वापरतो. एक फिका, एक गडद. त्यांच्या जोडीला लेखणीची दाट शाई. म्हणजे तीन अंधार झाले. आणि उजेड? उजेडासाठी त्याच्याजवळ काहीच नाही. ज्या जागी ऊन पडावे असे त्याला वाटते, तेथे तो कागदाला हात लावीत नाही. रथात उभ्या असलेल्या अपोलोच्या खांद्यावर, घोड्याच्या मानेवर, ढगाच्या कडेवर जी झगझगीत प्रभा आपल्याला दिसते, ती म्हणजे निव्वळ कोरा कागद.

एवढेच करूनही तो थांबत नाही. प्रखर उन्हात वस्तूची उजेडाकडील कड डोळ्यांना स्पष्ट दिसत नाही, हा आपला नेहमीचा अनुभव आहे. भर दुपारी चुन्याने सारवलेल्या भिंतीपुढे उभ्या असलेल्या माणसाचा उन्हाकडील खांदा भिंतीत विरघळल्यासारखा दिसतो. तिएपोलो नेमके हेच करतो. सावलीकडची रेषा तो ठाशीव ओढतो, उजेडाकडची रेषा तुटक ठेवतो किंवा अजिबात गाळतो. आपली नजर ती तुटलेली रेषा आपण होऊन जोडते. जोडताना तिला वाटते, येथे फार ऊन आहे म्हणून कड दिसत नाही. ऊन कागदावर नसते, ते पाहणाऱ्याच्या नजरेत तयार होते.

अशा आकृत्यांना आणखी एक गोष्ट हलके करते. छतावरचा देव आपल्याला खालून दिसतो. त्यामुळे तळपाय आणि गुडघे मोठे, धड आखडलेले, चेहरा हनुवटीखालून पाहिलेला. असा देह कागदावर काढणे फार अवघड, कारण ओळखीची सारी प्रमाणे बदलतात. तिएपोलोने अशा सुट्या आकृत्यांचा जणू रियाज केला. ढगाच्या एका तुकड्यावर बसलेली एक देवता, खाली जमीन नाही, मागे देखावा नाही. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयात त्याच्या रेखाटनांचे जे दोन संग्रह आहेत, त्यांपैकी एकाचे इटालियन नावच 'छतांसाठी सुट्या आकृती' अशा अर्थाचे आहे.

येथे एक शंका येईल. ही जर छतांची पूर्वतयारी असेल, तर मग त्यांना स्वतंत्र मोल ते काय? याचे उत्तर शोधण्यासाठी छतांवर देव काय करीत होते ते पाहिले पाहिजे. मिलानच्या क्लेरिची प्रासादात १७४० च्या सुमारास तिएपोलोने एका लांबलचक, अरुंद दालनाच्या छतावर सूर्यरथाचे भ्रमण रंगविले. छत सुमारे २२ मीटर लांब आणि ५ मीटरच्या आसपास रुंद. व्युर्त्सबुर्खच्या प्रासादात त्याने जिन्यावरचे अवाढव्य छत १७५२ ते १७५३ या काळात पुरे केले. मध्ये अपोलो, चारी बाजूंना तेव्हा ज्ञात असलेली चार खंडे. पण युरोप खंडाच्या वर आकाशात कोण चढले आहे? त्या संस्थानाचा धर्माधिपती राजा ग्रायफनक्लाऊ, त्याची तसबीर देवता वर नेत आहेत. म्हणजे छतावरचे देव यजमानाच्या चाकरीत आहेत. सूर्य उगवतो तो त्याच्या कीर्तीवर उजेड पाडण्यासाठी. श्रद्धा संपल्यावर देवांना हे नवे काम मिळाले होते, आणि मालक बदलला की तेच देव दुसऱ्याची स्तुती करीत.

कागदावर मात्र यजमान नाही. तेथे ढालीवरची कुलचिन्हे नाहीत, तसबिरी नाहीत. क्लेरिची छताशी निगडित अशी पुष्कळ रेखाटने आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आणि मॉर्गन ग्रंथालयात आहेत. ती पाहताना आपल्याला दिसतो तो एका माणसाने अनेक परींनी करून पाहिलेला एकच प्रश्न : रथात उभा असलेला तेजस्वी तरुण खालून कसा दिसेल? एकदा बाहू पसरलेला, एकदा वळलेला, एकदा घोड्यांसह, एकदा एकटा. प्रत्येक वेळी रेषा नवी. येथे देव कोणाचा चाकर नाही.

रोकोकोच्या या हलकेपणावर त्याच काळात कठोर टीकाही झाली, आणि ती डावलून चालणार नाही. पॅरिसमध्ये फ्रांस्वा बूशे हा तिएपोलोचा समकालीन होता. आपण दहा हजार रेखाटने केली असावीत, असा त्याचा स्वतःचा हिशेब होता. तेथे रेखाटने जमविण्याचा शोक वाढला होता. प्येर-झां मारिएत याच्यासारखा रसिक आपल्या संग्रहातील कागदांना निळ्या पुठ्ठ्यांच्या देखण्या चौकटी करवीत असे. साहजिकच बूशेच्या व्हीनस देवता आणि जलपऱ्या हा बाजारातला चलनी माल झाला. विचारवंत दीद्रो याने त्याच्यावर हत्यार उपसले : या चित्रांत कौशल्य उदंड, पण सत्याचा मागमूस नाही, असा त्याचा आक्षेप होता. बूशेची देवता पुष्कळदा पॅरिसमधील एखादी नटवी स्त्रीच वाटते, हे आपणही मान्य करू.

तिएपोलोवर घाव घातला तो विंकेलमान या जर्मन पंडिताने. प्राचीन ग्रीक शिल्पांचा संयम हाच कलेचा आदर्श, असे प्रतिपादणारा त्याचा निबंध १७५५ मध्ये निघाला होता. आपला मित्र मेंग्ज याच्याशी तुलना करून तिएपोलोविषयी त्याने असा अभिप्राय दिला, की हा झटपट काम करतो खरा, पण ते पाहिले की विसरले जाते. तिएपोलो १७६२ मध्ये स्पेनच्या राजाच्या बोलावण्यावरून माद्रिदला गेला. मेंग्ज तेथे आधीच येऊन बसला होता. आरांखुएथच्या चर्चसाठी तिएपोलोने केलेली चित्रे त्याच्या मृत्यूनंतर लवकरच उतरविण्यात आली आणि त्यांच्या जागी मेंग्ज व त्याच्या पंथाच्या चित्रकारांची चित्रे लागली. अभिरुची बदलली होती. देवांनी आता पुन्हा संगमरवराप्रमाणे भारदस्त उभे राहावे, अशी मागणी होती.

हा आक्षेप खरा मानावा काय? हलके ते उथळ, हे समीकरण आम्हाला पटत नाही. ज्या देवावर श्रद्धा असते त्याला वजन लागते. त्याला सिंहासन हवे, गाभारा हवा, त्याचे रूप ठरलेले हवे. ज्याच्यावर कोणाचीही श्रद्धा उरलेली नाही, त्याला खोट्या वजनाने उभे करणे हेच खरे असत्य. तिएपोलोने ते केले नाही. त्याने देवाला तेवढेच अस्तित्व दिले जेवढे त्या काळी प्रामाणिकपणे देता येत होते : क्षणभर दिसलेल्या उजेडाचे. त्याच्या रेखाटनातील अपोलो अर्धा शाईत आहे आणि अर्धा कोऱ्या कागदात. उरलेला देव आपण पुरवितो, जसे ऊन आपण पुरवितो. आरंभी विचारलेले दोन प्रश्न येथे एकत्र येतात. न रेखाटलेल्या जागेतून उजेड निर्माण करण्याची ही रीत, आणि पूजेतून सुटून केवळ कल्पनेत उरलेले हे देव, यांची गाठ योगायोगाने पडलेली नाही. अशा देवांना अशीच शाई हवी होती.

आणि विसरले जाण्याविषयी म्हणाल, तर काळाने दिलेला निकाल पाहण्यासारखा आहे. माद्रिदला जाण्यापूर्वी तिएपोलोने आपल्या रेखाटनांचे संग्रह व्हेनिसमधील एका मठात ठेवले, असे सांगतात. त्याचा एक मुलगा तेथे धर्मगुरू होता. पुढे ते हातोहाती फिरले. १८८५ मध्ये व्हिक्टोरिया अँड आल्बर्टच्या संग्रहालयाने त्यांतील दोन विकत घेतले. तीनशेवर रेखाटने, किंमत अकरा पौंड. त्या वेळी त्याची कदर एवढीच होती. नंतर दुसरे महायुद्ध आले. ऑगस्ट १९४३ मध्ये मिलानवर बॉम्ब पडले आणि आर्किंतो प्रासादातील फाएथॉनचे ते छत जळून गेले. १६ मार्च १९४५ ला व्युर्त्सबुर्ख बेचिराख झाले. तेथील छत मात्र बाल्थासार नॉयमान या वास्तुविशारदाने बांधलेल्या भक्कम घुमटामुळे वाचले. आर्किंतोचा विध्वंस भरून येणारा नव्हता. २०१९ मध्ये न्यूयॉर्कच्या फ्रिक संग्रहात त्या नष्ट छतांचे प्रदर्शन भरले, ते जुनी छायाचित्रे, तैलरंगातील लहान आराखडे आणि रेखाटने यांच्या आधारे. चुना-विटांचे छत गेले, आणि काडी लावली तर क्षणात राख होईल असा कागद राहिला.

तिएपोलोचा थोरला चित्रकार मुलगा जोव्हान्नी दोमेनिको हा बापाबरोबर व्युर्त्सबुर्खला आणि माद्रिदला होता. बाप गेल्यावर तो व्हेनिसला परतला. छते रंगवून घेणारे यजमान हळूहळू नाहीसे होत होते. १७९७ मध्ये नेपोलियनपुढे व्हेनिसचे गणराज्यच कोसळले. दोमेनिकोने तीच लेखणी आणि तोच तपकिरी वॉश घेऊन स्वतःसाठी चित्रे काढली. त्यांत ऑलिंपसवरचे मोठे देव क्वचितच येतात. येतात ते नराश्व, म्हणजे कमरेवर माणूस आणि खाली घोडा असे प्राणी, आणि शेळीच्या पायांचे वनचर सॅटर. ते आपल्या बायकामुलांसह रानात हिंडतात, खेळतात, भांडतात. शेवटी तर त्याने पुल्चिनेल्ला या लांब नाकाच्या, उंच टोपीच्या नाटकी विदूषकाच्या जीवनावर १०४ पानांची मालिका काढली आणि तिला मुलांच्या करमणुकीची असे नाव दिले. बापाने देवांना आकाशात ठेवले होते. मुलाने पुराणकथा जमिनीवर आणून माणसांच्या घरादारात सोडली. तो १८०४ मध्ये वारला आणि ही परंपरा तेथे संपली.

ही रेखाटने आता युरोप-अमेरिकेतील संग्रहालयांत बहुतेक काळ अंधारात पेटीबंद असतात. उजेडाने शाई फिकी होते आणि कागद पिवळा पडतो, म्हणून ती थोडे महिनेच मांडतात. ज्या कागदावर ऊन आहे त्यालाच उन्हापासून जपावे लागते. परंतु त्यांची उत्तम छायाचित्रे आता संग्रहालयांनीच सर्वांना खुली केली आहेत, तेव्हा आपल्यालाही ती घरबसल्या पाहता येतील. पाहताना एवढेच करावे : प्रथम रेषांकडे पाहू नये. ज्या जागी चित्रकाराने काहीच केलेले नाही त्या जागा आधी शोधाव्यात, आणि त्याने तेथे हात का आवरला हे स्वतःला विचारावे. मग रथ, घोडे आणि देव आपोआप दिसू लागतील.